वळणापर्यंत पायी

मला गाडी शिकवणारे सातपूरचे मास्तर वळणाची पाटी दिसली की गाडी कडेला घ्यायला लावत. "उतरा ताई. वळणापलीकडं काय हाय, बघून या." मग बावन्न वर्षांची मी पदर खोचून त्या लाल त्रिकोणापासून वळणापर्यंत चालत जायची. मास्तर गाडीत बडीशेप चघळत बसलेले. परत आले की विचारत, "काय होतं?"

"काहीच नाही."

"आज नाय. म्हणून पाटी काढायची का?"

मला रागच यायचा. पुस्तकातली सगळी चिन्हं मला तोंडपाठ होती.

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी हरसूलला निघाले. घाटात तशीच पाटी दिसली आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. वळण घेतलं, तर बाजाराला निघालेली एक बाई भर रस्त्यात वाकून, टोपलीतून सांडलेले टोमॅटो वेचत होती. मी थांबले. ती ओशाळून हसली आणि शेवटचा टोमॅटोही सावकाश उचलला.

हरसूलला पोचल्यावर मास्तरांना फोन लावला. वळणावर थांबले होते, एवढंच मी म्हणाले, तर पलीकडून नेहमीचा प्रश्न आला, "काय होतं?"

"बाई होती, मास्तर," मी म्हणाले. "भर रस्त्यात टोमॅटो वेचत होती."