तहानलेला कोबा

"पाय काढा!" असं ओरडून मिस्त्री आधी थापी फेकायचे आणि मग कोण आलंय ते बघायचे. सिमेंटचा गुळगुळीत कोबा करणारा माणूस तेव्हा आमच्या मुरूम गावात हा एकटाच. आमच्या आडत दुकानात काम चालू असताना वडील नवे जोडे घालून उंबऱ्यावर आले आणि थापी थेट त्यांच्या नडगीवर बसली. ज्यांच्यापुढे हमाल मान वर करत नसत, ते वडील नडगी चोळत म्हणाले, "अहो मिस्त्री, दुकान माझं आहे."

"दुकान तुमचं, मालक. तेल लागंस्तवर कोबा माजा."

असा तिरसट माणूस तुमच्याही गल्लीत असेल. पण आमचे मिस्त्री हात उगारून थांबत नसत, मारून मोकळे होत. त्यांच्या घासायच्या दगडाला कुणी हात लावला तर त्याची खैर नव्हती. एका हमालाने तो दगड नुसता बाजूला सरकवला, तर कानाखाली अशी बसली की पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना 'काय? काय?' विचारत हिंडत होता. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "माज्या दगडाला माजाच हात. दुसऱ्यानं धरला की कोब्याला चरे पडत्यात."

तोच माणूस कोब्याशी मात्र आईच्या मायेने वागायचा. दगडाने घासून, सोड्याने धुऊन, चांगला वाळवून झाला की गुडघ्यांवर बसायचा, बोटांनी पाण्याचे थेंब शिंपडायचा आणि गाल जमिनीला टेकवून बघत राहायचा. थेंब वरच थांबला तर तिथं ओशटपणा राहिलाय, पुन्हा घासायचं. थेंब झटकन आत जिरला की चेहरा खुलायचा. "तान लागली बगा त्येला. आता जवसाचं तेल पाजू." डाग दिसत असेल तर तेलाचं नाव काढायचं नाही. "तेलाखाली गेलेला डाग मरंस्तवर निगत न्हाय," हे त्यांचं वाक्य इतकं ठरलेलं की माझी वहिनी त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायची.

निजामाचं राज्य जायला टेकलं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, त्या राज्याविरुद्ध लढणाऱ्यांना चोरून भाकरी पोचवायचा. एका दुपारी कोबा तयार होता, तेल चुलीवर तापत होतं, आणि दादा दुकानात आहे हे कळून निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक आत घुसले. मिस्त्री ओरडले, "पाय काढा!" थापी पुढच्याच्या कपाळावर बसली. त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने मिस्त्रींचे दात पाडले. "मुसलमान असून ह्यांच्यासाठी मरतोस?" एकाने विचारलं. मिस्त्री उठून दादाच्या पुढे उभे राहिले, पुन्हा पडले. मग दादाच्या मानेवर कुऱ्हाड बसली.

रक्त फार वाहिलं नाही. कोबा ते पिऊन गेला.

दादाला अग्नी देऊन आम्ही परतलो, तर मिस्त्री सुजल्या तोंडाने दगड घेऊन त्या डागापाशी बसले होते. वहिनीने त्यांचा हात धरला. "नका घासू, चाचा. त्यांचं एवढंच मागं राहिलंय."

"डाग ठिवून तेल मारता येत न्हाय, बेटी."

"मग नका मारू."

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज पढून परतताना मिस्त्री उंबऱ्यापाशी चपला काढून विचारायचे, "आज घासू, बेटी?" वहिनी नुसती नकाराची मान हलवायची.

पुढे राज्य कोसळलं. मग कुऱ्हाडी आमच्या माणसांनी उचलल्या. आमच्याच म्हणतो मी, लपवायचं कशाला? मुसलमानांची घरं पेटली. मिस्त्रींचंही पेटलं. ते आमच्या दुकानात पोत्यांमागे होते आणि दारात जमाव होता. पुढचा माणूस ओळखीचाच. "वैनी, दादाचाच बदला घ्यायलाव आमी. म्हाताऱ्याला भाईर काडा."

वहिनी दार अडवून उभी राहिली. कुठून तरी धोंडा आला आणि तिचं कपाळ फुटलं. रक्त गालावरून ओघळत असताना ती मिस्त्रींच्याच बोलीत ओरडली, "पाय काढा! ह्यो डाग माज्या मालकाचा हाय. ह्येला तुडवूनच आत जावं लागंल!"

पुढच्याने पाय मागे घेतला. जमाव दुसऱ्या गल्लीत गेला. तिथं माणसं मेली.

सकाळी गावात फौज आली आणि आरडाओरडा थांबला. वहिनी कपाळाला चिंधी बांधून मिस्त्रींसमोर बसली. "चाचा, आज घासा. ह्या डागाचं नाव घेऊन लोक माणसं मारायलेत. मला नको हा."

मिस्त्री हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसून उठले. "दगड घरला हाय. जळत न्हाय तो. आनतो."

"मी आणतो, तुम्ही बसा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे वटारले. "माज्या दगडाला दुसऱ्याचा हात?" तो जुना चढा आवाज ऐकून वहिनी कितीतरी दिवसांनी हसली.

ते परत आले नाहीत. त्यांच्या जळक्या घरापासून थोड्याच अंतरावर, वाटेत पडलेले सापडले. कुणीतरी मागून कुऱ्हाड घातली होती. दगड हातात घट्ट धरलेला, बोटं सोडवेनात. मी ती सोडवूही दिली नाहीत. दगड त्यांच्याबरोबरच पुरला.

नंतर दुसरे मिस्त्री मिळाले असते, पण वहिनीने कुणाला त्या कोब्याला हात लावू दिला नाही. आता ती म्हातारी झाली आहे. शुक्रवारी दुकान पुसून झालं की त्या डागावर बोटांनी पाणी शिंपडते आणि गुडघ्यांवर वाकून बघत राहते. थेंब अजूनही झटकन आत जातो.