सरांच्या ग्लासांवर नेम

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते आपोआप साठतात, जुन्या घमेल्यात खिळे साठतात तसे! आणि ज्याच्या घराचं कुंपण बुटकं, त्याच्याकडं जरा जास्तच साठतात. आमचं कुंपण लई बुटकं. पलीकडं सरांचं घर. सर म्हणजे लातुरात क्लासच्या गल्लीत फिजिक्स शिकवणारे. मी मुखेडची, सातवी पास. पण बंदुकीची हवा कुठं चुकते, ते आज मला कुणीही विचारावं!

सरांची मनीषा मेडिकलला लागली नाही. सर म्हणाले, "रिपीट कर." ती म्हणाली, "न्हाई करत." एवढं बोलून पोरगी नांदेडला गेली आणि तिथल्या बंद पडलेल्या गेम झोनमधून खेळण्यातल्या दोन बंदुका घेऊन आली. एक चालू, एक सुट्या भागांसाठी मोडकी. बॅटरीवरच्या, प्लास्टिकच्या गोळ्यांच्या, पण दिसायला खऱ्यासारख्या!

भूकंपानंतर ही मंडळी ज्या पत्र्याच्या शेडात झोपायची, तिथं मनीनं नेमबाजी मांडली. रिकाम्या डब्यांवर कागद चिकटवले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी! क्लास सुटला की पोरांची ही रांग. डोळ्याला गॉगल लावल्याशिवाय मनी कुणाच्या हातात बंदूक देत नसे.

सर एकदा कुंपणाशी आले. "वहिनी, सकाळी मी शिकवायलो, आन् संध्याकाळी हीच पोरं माझ्या विषयाला गोळ्या घालायलीत!"

मी म्हणलं, "वाईट कशाला वाटून घेता? केमिस्ट्रीपेक्षा तुमच्या डब्याला गर्दी हाय!"

* * *

दसरा झाला आणि बंदुकीचा जोरच गेला. गोळी बाहेर यायची, पण वाटेत माहेर लागल्यासारखी मध्येच बसायची! डबा हलेना. एक पोरगा म्हणाला, "ताई, यापेक्षा मी फुंकर मारतो." दुसऱ्या दिवशी रांग अर्धी.

सरांना हेच पाहिजे होतं. त्यांनी पैज लावली.

त्याआधी सरांच्या ग्लासांबद्दल सांगायला पाहिजे. भूकंपात सरांचं गावाकडचं घर पडलं, थोरले बंधू गेले. ढिगाऱ्यातून निघालेले त्यांच्या घरचे स्टीलचे ग्लास सरांनी बाहेरच्या खोलीत फळीवर एकावर एक उपडे-सुलटे रचून ठेवले होते. जमीन जरा हलली की खणाखण पडावेत आणि माणसांनी बाहेर पळावं. तेव्हा आमच्याकडं बऱ्याच घरांत असं असायचं. पुढं सगळ्यांनी काढलं, सरांनी नाही. एकदा मांजराचं शेपूट लागलं, तर अख्खी गल्ली भर पावसात रस्त्यावर! सगळ्यांत पुढं सर.

तर सर म्हणाले, "दिवाळीच्या आत तुझ्या बंदुकीनं माझे ग्लास पाडून दाखव. पडले तर रिपीटचं नाव काढणार न्हाई. न्हाई पडले, तर शेड बंद आन् क्लासला बस."

मनीनं आईकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "रचून ठेवा, बाबा."

* * *

पहिलं निदान आमच्या ह्यांनी केलं. "बॅटरी!" आमच्याकडं टीव्ही बिघडला तरी हे प्लगच काढून बघतात.

लोडशेडिंग सांभाळत बॅटरी रात्रभर चार्ज केली. सकाळी मनीनं घोडा दाबला. टर्रर्र! गोळ्या भराभर सुटल्या आणि सगळ्या पहिल्याच ठिकाणी जाऊन बसल्या.

हे म्हणाले, "फरक पडला की!"

मनी म्हणाली, "हाव काका. आधी एक पडायची, आता धा पडायल्यात."

* * *

मग कोपऱ्यावरचे इस्माईलभाई, मोपेड दुरुस्त करणारे. मनीनं त्यांना समजावलं, "भाई, आत सायकलच्या पंपासारखं हाय. गियर दट्ट्याला मागं ओढतात, स्प्रिंग त्याला पुढं ढकलती, त्याच्या हवेनं गोळी सुटती."

"मग स्प्रिंग थकली, बेटी. हमारे पास जवान है!" असं म्हणून त्यांनी मोपेडची कसलीशी दणकट स्प्रिंग दाबून बसवली.

घोडा दाबला. आत कडाड् असा आवाज झाला, जसा सुपारीवर दात आपटावा. उघडून बघतात तर गियरचे दाते खाली!

भाई डोकं खाजवत म्हणाले, "बेटी, ताकद तो आ गई थी. दात चले गये."

मोडक्या बंदुकीचे गियर काढून हिच्यात घातले, जुनी स्प्रिंग परत बसवली. आता सुटा भाग म्हणून काही उरला नाही. मंगलताई, म्हणजे मनीची आई, हळूच म्हणाली, "मने, आता बास कर की."

"आई, बंदूक बिघडली हाय, मी न्हाई!"

* * *

मनीनं मग पंप तेवढा सुटा केला, पुढचं तोंड बोटानं दाबलं आणि पंक्चरवाल्यासारखा घमेल्यात बुडवला. दट्ट्या ढकलला. आम्ही सगळे वाकून बघतोय. एक बुडबुडा येईना!

मला वाईट वाटलं. मनी मात्र उड्या मारायला लागली. "काकू, पंप शाबूत हाय! हवा पुढं चुकायली, नळीच्या सांध्यात!"

तिनं नळी उभी धरून तळहातावर ठोकली. आतून काय पडावं? लाल अक्षता! कुंकवात चिकटलेले तांदूळ सांध्यात अडकलेले. पंपाचं तोंड नळीला बसायचंच नाही, हवा बाजूनंच पसार!

म्हणजे खंडेनवमीची पूजा! मनी आईकडं बघायला लागली. मंगलताई म्हणाली, "मी विळीची अन् पाट्याची केली बाई. बंदूक म्या शिवली पण न्हाई."

आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बघितलं. सरांनी पेपर तोंडापर्यंत वर घेतला. पेपराआडून आवाज आला, "स्कूटरशेजारी ठेवली होती. म्हणून वाहिलं."

मी म्हणलं, "पण तोंडात कशाला घास भरवला, सर?"

सर म्हणाले, "बरं, माझ्यामुळं बिघडली. पैज सोडून देऊ."

"सोडायची न्हाई," मनी म्हणाली. "सवलत नको मला. उद्या संध्याकाळी."

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. पैज आहे हे सगळ्या गल्लीला माहीत, पण वेळ कुणाला माहीत नव्हती.

खण् खण् खण् खणाण्!

पैज गेली चुलीत! अख्खी गल्ली रस्त्यावर. मी परातीसकट. आमचे हे अर्ध्या दाढीला फेस लावून. इस्माईलभाईंच्या हातात कुणाच्या तरी मोपेडचं चाक. सगळे खाली जमिनीकडं बघतोय, मग एकमेकांकडं.

हे म्हणाले, "सर कुठायत?"

इतक्या वर्षांत सर आमच्या पुढं नाहीत असं झालंच नव्हतं. परात तिथंच टाकून मी पळत त्यांच्या घरात गेले.

सर खाटेवर मांडी घालून बसले होते. डोळ्याला मनीचा गॉगल. समोर फळी रिकामी. मनी बंदूक खाली धरून भिंतीला टेकलेली.

मंगलताई वाकून ग्लास गोळा करत होती. तिनं ते मोरीवर नेले, राखेनं घासले, धुतले, पदरानं पुसले. मग मला म्हणाली, "जाऊ नका, वहिनी. गल्लीला बी बोलवा. आज चहा ह्याच ग्लासांत."

पहिला ग्लास सरांनी हात पुढं करून घेतला.