फूल एकीचं, पान दुसरीचं, नाव तिसरीचं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बालाघाटच्या कॉलेजातलं वनस्पतीशास्त्राचं जुनं कपाट साफ करायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. वाळवून कागदावर चिकटवलेली झाडंझुडपं, शेकडो शीटं. कसर झाडा, डांबरगोळ्या टाका, यादी करा. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून तुला, असं सर म्हणाले. मनातून मी फुलले होते, पण चार दिवस उगाच कुरकुर करून घेतली.

मग कृष्णकमळाचं शीट हाती आलं आणि माझं डोकंच फिरलं. गावात कोणी त्याला कृष्णकमळ म्हणे, हिंदीवाले राखी फूल म्हणत, ते चालायचंच. पण शास्त्रातलं नाव तरी एक असावं की नाही? शीटवर सरांच्या हातचं लिहिलेलं होतं पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा. लायब्ररीतल्या बागेच्या पुस्तकात तशाच फुलाच्या चित्राखाली पॅसिफ्लोरा सेरुलिया. जाडजूड पुस्तक काढलं. इन्कार्नाटाचं पान तीन बोटांचं, दातेरी कडेचं. सेरुलियाचं पाच बोटांचं, सरळ कडेचं. शीटवरचं पान तीन बोटांचं आणि दातेरी, म्हणजे सरांचं बरोबर. पण फूल पाहावं तर ते सेरुलियाचं! भिंग लावून बसले तेव्हा दिसलं की फूल आणि पान वेगवेगळं चिकटवलंय. दोन्हींना जोडणारा देठच नाही.

आता हे सांगायचं कोणी? एम.एस्सी.साठी जबलपूरला जायचं तर सरांच्या शिफारशीच्या पत्राशिवाय काही खरं नव्हतं. माझे बाबा तिरोडीच्या खाणीवर, साहेबाच्या बंगल्यात माळी. आमच्यासाठी पत्र लिहिणारं दुसरं होतं तरी कोण? आणि सर म्हणजे जमदग्नी. त्यांच्या हातच्या शीटवर बोट ठेवायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्याला काय करू?

शीटच्या कोपऱ्यात ठिकाण लिहिलं होतं: तिरोडी, खाणीचा बंगला. म्हणजे बाबांचाच! शनिवारी कटंगीवरून बस धरली आणि घर गाठलं. बाबा मला थेट कुंपणाच्या जाळीपाशी घेऊन गेले.

"या जाळीवर दोन वेली हायेत," ते म्हणाले. "इकून फुलाची, तिकून फळाची. साहेब लोक त्या फळाचं सरबत करतेत."

फूल न्यायला आलेला कॉलेजचा मास्तर त्यांना चांगला आठवत होता. तेव्हाच्या गोऱ्या मडमेनं त्याला एक फूल दिलं, पण वेलीला हात लावू दिला नाही. जाता जाता मास्तरानं जाळीच्या मागून काहीतरी तोडून खिशात घातलं होतं. मग तुमी काहून नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"मले कोणं इचारलं?" बाबा म्हणाले.

फळाच्या वेलीचं पानही तीन बोटांचं, दातेरी, पण ती सरबताची वेगळीच जात, इन्कार्नाटा नव्हे. म्हणजे फूल एकीचं, पान दुसरीचं आणि नाव तिसरीचं! बाबांनी फुलाच्या वेलीची, फूल आणि पान एकाच देठावर असलेली फांदी कापून दिली. वर्तमानपत्रात घालून, ट्रंकेखाली दाबून, रोज कागद बदलत मी ती आठवडाभर वाळवली, नव्या शीटवर चिकटवली आणि जुन्या शीटसोबत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सगळं एका दमात सांगून टाकलं. माझे बाबा त्या बंगल्यात माळी आहेत, हेही सांगितलं. तीन वर्षांत कॉलेजात ते कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी चष्मा लावला. दोन्ही शीटं कितीतरी वेळ पाहिली. मग हसण्यानं त्यांचं पोट हलायला लागलं.

"पान मी चोरलं होतं," ते म्हणाले. "मडम समोर उभी. मागून हात घातला नि जे लागलं ते तोडलं."

आमच्या शास्त्रात शीटवरची नावाची जुनी चिठ्ठी फाडायची नसते. चूक असली तरी ती राहते; तिच्या खाली नवी लावायची, आणि ज्यानं ओळखलं त्याचं नाव लिहायचं. मी सेरुलिया लिहिलं, खाली भीतभीत माझं नाव. सर म्हणाले, वडिलांचंही लिही, वेली त्यांनी वेगळ्या केल्या. खाणीच्या हजेरीपुस्तकाबाहेर, माझ्या कॉलेजच्या फॉर्मांबाहेर बाबांचं नाव तेव्हा पहिल्यांदा लिहिलं गेलं. लिहिताना अक्षर हललं, पण ते मी तसंच ठेवलं.

निकालानंतर सरांनी पत्र दिलं. पाकीट उघडंच होतं. जबलपूरच्या बसमध्ये बसल्यावर मला राहवेना, काढून वाचलं. मार्कांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. लिहिलं होतं की, या मुलीनं माझी बारा वर्षांची चूक मला दाखवली. दाखवताना ती थरथरत होती, याच पत्राची तिला काळजी होती, तरी तिनं दाखवली. म्हणून तिला पाठवतो आहे.

सरांना तेव्हाच सगळं कळलं होतं तर! भर बसमध्ये मला रडू कोसळलं.