गादीच्या दुकानातला दुसरा अल्बम

पहिला अल्बम आम्ही पुण्याला जाऊन केला, काचेपलीकडे माणूस बसतो तसल्या स्टुडिओत. बँडमधले आम्ही चौघंही अस्सल कोल्हापूरचे. पण त्या काचेसमोर उभं राहिल्यावर मी असा काही गायलो, की जणू तांबडा रस्सा कधी तोंडाला लागलाच नाही. घरी येऊन आईला ऐकवला. भाजी निवडता निवडता तिने दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, "चांगलं हाय. पर ह्यात तू कुठं हाईस?"

हसण्यावारी नेलं, पण फार लागलं. ऐकणाऱ्या थोड्याथोडक्या लोकांनीही दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं होतं. दुसरा अल्बम आपल्या बोलीत करायचा, आणि त्यातही माझा आवाज माझा वाटला नाही तर गाणं बंद, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बाकीच्यांना सांगितलं नाही. त्यांनी शिव्याच घातल्या असत्या.

पुन्हा त्या काचेसमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. जागा सापडली ती शाहूपुरीत, एका चाचांच्या गादीच्या दुकानात. आमच्या घरच्या गाद्या वर्षानुवर्षं तेच पिंजून देतात. एकदा गादी टाकायला गेलो, सवयीने गुणगुणत होतो, तर गाद्यांच्या थप्प्यांमध्ये माझाच आवाज इतका जवळून ऐकू आला की दचकलो. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कापूस गिळून टाकत होता. गिटारवाल्याला बोलावून आणलं. त्याने एक टाळी वाजवली आणि म्हणाला, "इथंच."

"शुक्रवारी दुकान बंदच असतंय," चाचा म्हणाले. "या की. फकस्त गाद्यांवर चपला घालून चढू नका."

कागल एमआयडीसीतल्या नोकरीतली माझी सुट्टी मी शुक्रवारवर बदलून घेतली. गाणी नऊ. एका शुक्रवारी एक गाणं, सगळ्यांनी एकत्र वाजवून. नाकातोंडात कापूस जायचा, ड्रमवाला शिंकला की पुन्हा पहिल्यापासून. पण गाणी होत होती. आणि आम्ही गाढवासारखे खूश होतो, कारण दर शुक्रवारी दुकानात जागा वाढत होती. आधी ड्रम कसाबसा मावायचा, आता ऐसपैस बसायला लागला. लगीनसराई लागली होती. लग्नात मुलीला पलंग-गादी द्यायची पद्धत, त्यामुळे थप्प्या भराभर उतरत होत्या. दोन गाद्या तर ड्रमवाल्याच्याच बहिणीच्या लग्नासाठी गेल्या, आणि त्या टेम्पोत चढवल्या कोणी? आम्हीच. नाचत चढवल्या.

शेवटच्या शुक्रवारी शटर वर केलं तर दुकान रिकामं. फरशी, तीन भिंती आणि पिंजायचं मशीन. मी एक ओळ गायलो, ती पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखी अंगावर आली. राहिलेलं गाणं नेमकं मी लिहिलेलं होतं, थेट आईच्या तोंडच्या शब्दांतलं, ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते. आणि गिटारवाला रविवारी नोकरीसाठी बेंगळुरूला निघणार होता. पुढचा शुक्रवार आमच्याकडे नव्हता.

नमाज पढून चाचा दुकानाकडे आले तेव्हा मी पायरीवर बसलो होतो.

"काय रं, तोंड पाडून बसलाईस?"

सांगितलं. त्यांनी आत डोकावून बघितलं, टोपी खिशात घातली आणि म्हणाले, "तासभर थांबा."

तासाभराने टेम्पो आला, गाद्यांनी भरलेला. पण या गाद्या वापरातल्या होत्या. एकीवर शाईचा डाग, एकीला बामाचा वास. पिंजायला आलेल्या असतील असं आम्हाला वाटलं. थप्प्या रचल्या, मी बामाच्या वासाच्या गादीला पाठ टेकून उभा राहिलो आणि गायलो. दुसऱ्यांदा गायची वेळ आली नाही.

गाद्या परत टाकायला टेम्पोतून मीही गेलो. टेम्पो थांबला तो चाचांच्या बोळात. तीन गाद्या शेजारच्या घरांत गेल्या, बाकीच्या चाचांच्याच घरात. बामाची गादी त्यांच्या म्हाताऱ्या आईची होती. गुडघे गेलेली ती बाई चार तास लाकडी खुर्चीत बसून होती. मला तर कुठं बघावं कळेना.

"दादी, माफ करा," मी म्हणालो. "आम्हाला माहीत न्हवतं."

"माझी गादी गाण्याला गेलती म्हण की," ती हसून म्हणाली. "म्या आजून कोल्हापूरच्या बाहीर गेली न्हाय, आन ती गाण्यातनं गावभर फिरणार. म्हण बघू, काय म्हणलास ते."

तिला गादीवर बसवलं आणि तिथेच, ना माइक ना गिटार, अख्खं गाणं म्हटलं. तिने मान हलवली आणि चाचांना चहा टाकायला सांगितलं. माझ्यासाठी इतकं कुणी केलं होतं असं मला तरी आठवत नाही. लोक आपली गादी देतात ते आपला आवाज बरा आहे म्हणून नव्हे, आपण दारात बसलोय म्हणून. चाचांचे आभार मी मानले, पण ते 'बरं बरं' म्हणून गाद्या झटकायला लागले. म्हणून ते इथे पुन्हा मानतो.

अल्बम फार चालला नाही. गिटारवाला बेंगळुरूहून वर्षातून दोनदा येतो, तेव्हा वाजवतो.

अल्बम बाहेर आला त्या आठवड्यातली गोष्ट. कामावरून घरी आलो, दारात बूट काढत होतो. आत वडिलांनी फोनवर ते शेवटचं गाणं लावलं होतं. मी अजून चकार शब्द बोललो नव्हतो, आईला दिसलोही नव्हतो, तोच स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "आलास व्हय? गाणं पुरे आता. हात धू आन जेवायला बस."