स्वल्पविरामानं परत आणलेली माणसं

सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा ते आधीच बिघडलेलं होतं. आधीचे लोक घाईनं नोंदी चढवून निघून गेले होते. दुरुस्तीसाठी मला पाठवलं. बसायला ओपीडीला लागून एक काचेची खोली दिली.

दोष लवकर सापडला. जुन्या फाइलमध्ये एकेका रुग्णाची एकेक ओळ होती: नाव, फोन, पत्ता आणि शेवटी स्थिती. दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. पण पत्ता लिहिताना माणूस स्वल्पविराम देतोच. सॉफ्टवेअरनं तिथंही नवा रकाना धरला. गल्ली एकीकडे, पेठ दुसरीकडे, आणि शेवटचा ‘मृत’ हा शब्द ढकलला जाऊन कुणी वाचत नाही अशा कोपऱ्यात पडला. स्थितीच्या रकान्यात ‘मृत’ नाही तो जिवंत, एवढंच त्या सॉफ्टवेअरला ठाऊक. गेलेल्या माणसांच्या नावानं त्यांच्या घरी फेरतपासणीचे मेसेज गेले होते.

हे माझ्या ध्यानात येत होतं, तेवढ्यात बाहेरच्या स्पीकरवर एका बाईचं नाव पुकारलं गेलं. यंत्राचा सपाट आवाज. कुणी उठलं नाही. पुन्हा तेच नाव. मी काचेतून पाहिलं. पंख्याखालच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते, हातात टोकनची चिठ्ठी. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ते उठले आणि छताकडे बघून म्हणाले, “हो, हो. आलो.”

दारातल्या नर्सनं विचारलं, “पेशंट कुठंय?”

“पेशंट न्हाय,” ते म्हणाले. “मी तिचा मालक. मेसेज आला म्हणून आलो.”

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन त्यांना खोलीत आणलं, पाणी दिलं. ते कुर्डुवाडीहून आले होते. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. बायको याच रुग्णालयात वारली होती, त्याला काही वर्षं झाली होती.

“काका, ही चूक आहे आमची,” मी म्हणाले. “तुम्हाला उगाच त्रास झाला.”

“चूक हाय ते कळलं की मला. येडा न्हाय मी.” त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “पर घरात बसवंना. बोलावलंय म्हटल्यावर कुणीतरी जायला पायजे. आन् हितं आलो तर तिचं नाव घेतलं. लई दिवसांत तिला कुणी हाक मारली न्हवती, ताई.”

बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या पडद्यावर गेलं. त्यांनी विचारलं, “आता काय करनार तुमी?”

मी सांगितलं: जुन्या मशिनमधून फाइल पुन्हा काढायची, आणि या खेपेला रकान्यांच्या मध्ये उभी रेघ ठेवायची. पत्त्यात कुणी उभी रेघ लिहीत नाही. मग प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसेल.

“म्हंजी ती गेली आसं परत लिवनार.”

मी मान हलवली.

“लिवा की. खरं हाय ते.” ते उठले. “पर मला आदी फाटकाभाईर जाऊ द्या.”

मी खिडकीशी उभी राहिले. उन्हात डोक्यावर रुमाल टाकून ते आवार ओलांडून गेले, रिक्षात बसले. रिक्षा दिसेनाशी झाल्यावरही मी थोडी थांबले. मग नवी फाइल चढवायला घेतली. पडद्यावर नावं सरकत होती, आणि मधूनमधून एखाद्या नावापुढे ‘मृत’ उमटत होतं. मी ती सगळी वाचली. वाचायची काही गरज नव्हती.

मेसेज गेलेल्या घरांना फोन करून माफी मागायचं ठरलं, आणि ते काम मीच मागून घेतलं. काहींनी शिव्या दिल्या. एका मुलीनं नुसतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. कुर्डुवाडीला करायचा फोन मी शेवटासाठी राखला होता.

काकांनी आवाजावरून ओळखलं. माफीचं वाक्य त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. “ते ऱ्हाऊ द्या. एक इचारू? ती हाक मारली न्हवं मशिननं, ती परत ऐकाया मिळंल का?”

नोंद बरोबर झाल्यावर ते यंत्र ते नाव आता घेणार नव्हतं. पण माझ्या चाचणीच्या संगणकावर नाव टाकलं असतं, तर त्याच आवाजात ते वाजलं असतं. बोटं कळफलकावर होती. त्यांचं ऐकून झाल्यावर त्यांच्या घरात काय उरेल, या विचारानं मी थांबले.

“नाही मिळणार, काका.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. मलाही ठेवता आला नाही. पलीकडे कुठंतरी रेल्वेच्या डब्यांची जोडणी चालू होती; धडधड जवळ येत गेली, मग थांबली, आणि फोनवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.