डाव्या ढिगातली पट्टी

मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे माझ्या आईनं लग्नाच्या दिवशीच माझ्या नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. त्यानं मनावर घेतलं नाही. आता तो लियोंला एकटा सुखात राहतो आणि मी पॅरिसमध्ये बोलण्याचेच पैसे घेते. नदीकाठच्या त्या अवाढव्य म्युझियममध्ये मी खासगी गाइड आहे, एकोणीस वर्षं झाली. गळ्यात सरकारी बिल्ला, पायात बसके बूट आणि जाहिरातीत एकच वाक्य: ‘ऑर्तांस तुम्हाला बाईसमोर पहिल्या रांगेत उभं करणार.’ बाई म्हणजे तीच, चित्रातली, गालातल्या गालात हसणारी. जगभरातून लोक येतात ते तिच्यासाठी, आणि येऊन बघतात काय, तर पुढच्या माणसाचं टक्कल. तिथं माझी कोपरं उपयोगी पडतात. कलेचा इतिहास मी सहा वर्षं शिकले आणि पोट भरते कोपरांवर.

आबीलियो तावेराचा फोन आला तो मार्चमध्ये. आवाज जाडसर, बोलण्याला पोर्तुगीज वळण.

“मादाम, मला बाईसमोर जायचंय. तिथल्या गर्दीत. बाकी काही नको. पण या आठवड्यात. सोमवारनंतर उपयोग नाही.”

“मस्यो, बाकीचं म्हणजे पाच हजार वर्षं आहेत.”

“ती असू देत,” तो म्हणाला.

मी मनातल्या मनात चरफडले आणि शुक्रवार दिला. सोमवारनंतर उपयोग का नाही, हे विचारायचं सुचलं नाही. समोरच्याला काही विचारायची मला सवय नाही, कारण तेवढ्या वेळात माझं एक वाक्य होतं.

शुक्रवारी तो माझ्या आधी येऊन उभा होता. साठी ओलांडलेला, बुटका, हाताची बोटं जाड आणि नखं लाकडासारखी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. टाय ओलिंदानं बांधला, म्हणाला. ओलिंदा म्हणजे त्याची बायको, पंधराव्या विभागातल्या एका इमारतीची राखणदारीण. मी त्याचा हात हलवला आणि सुरुवात केली. जिन्यावरच्या पंखवाल्या देवीपासून लांबलचक गॅलरीपर्यंत चाळीस मिनिटं मी अखंड चालू होते. तो “हूं” म्हणायचा आणि मान खाली घालून चालायचा. मला वाटलं, दबलाय बिचारा. एवढी कला एकदम अंगावर आली की काहींचं होतं तसं. मी आवाज आणखी मऊ केला. एका उंबऱ्यापाशी तो खाली बसला, अंगठ्यानं जमीन दाबून बघितली आणि उठला. मी समजले, बुटाची नाडी सुटली असेल. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, हे मला नंतर घरी गेल्यावर आठवलं.

बाईच्या दालनात गाइडनं तोंड उघडायचं नाही असा नियम आहे, म्हणून सगळं दाराबाहेरच सांगून घ्यावं लागतं. तिथं माझा एक हुकमी शेवट आहे. लोक अक्षरशः श्वास रोखतात. मी दालनाच्या लाकडी जमिनीकडे हात केला आणि म्हटलं, “आणि आता खाली बघा, मस्यो तावेरा. याच लाकडावरून राण्या चालत गेल्या आहेत.”

“कुठल्या राण्या?”

“राजांच्या.”

तो अवघडला. मला दुखवायचं त्याच्या मनात नसावं. “नाही हो मादाम. ही जमीन मी बसवली. मी आणि माझ्या बापानं. एक्क्याण्णव साली, मंगळवारी मंगळवारी. मंगळवारी बंद असतं ना.”

एकोणीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आले होते. एका निवृत्त न्यायाधीशबाईंनी त्या लाकडावर पाय ठेवण्याआधी बूट काढून हातात घेतले होते आणि मी त्यांना शाबासकी दिली होती. माझं थोबाड बघण्यासारखं झालं असणार, कारण तावेराच मला म्हणाला, “चला, कॉफी घेऊ. तुम्हाला बसायला हवंय.”

जिन्याखालच्या कॉफीच्या टपरीवर, जन्मात पहिल्यांदा, मी गप्प बसले आणि माझं गिऱ्हाईक बोललं.

पोर्तुगालच्या उत्तरेला डोंगरात त्याचं गाव. आठ वर्षांचा असताना बापामागे फ्रान्सला आला. पहिली तीन वर्षं शहराबाहेर चिखलातल्या पत्र्याच्या खोलीत काढली. बाप, सेराफिम, लाकडी जमिनी बसवायचा. पुढे हाही तेच शिकला. पॅरिसमधली निम्मी बडी घरं त्याला फक्त गुडघ्यापर्यंत माहीत होती. “छताला काय रंग होता ते विचारू नका,” तो म्हणाला. गावाकडे त्यानं आणि ओलिंदानं घर बांधलंय, अकरा महिने बंद असतं. तिथं जमीन कसली आहे विचारलं तर मान खाजवत म्हणाला, “फरशी. ओलिंदा म्हणाली, पुसायला बरी.”

मग त्यानं कॉफीत तिसरी साखर टाकली आणि सोमवारचं सांगितलं. सोमवारपासून त्या दालनाची जमीन उपटणार होते. जुन्या सोबत्यानं कळवलं होतं. आणि त्या जमिनीत एक पट्टी चुकीची होती.

“नागमोडी नक्षीची जमीन बसवताना दोन ढीग असतात बघा, एक डाव्या पट्ट्यांचा, एक उजव्या. दिसायला सारख्या, फक्त खाच वेगळ्या अंगाला. पोर्तुगीज भाषेत आम्ही नवऱ्याचा ढीग आणि बायकोचा ढीग म्हणतो. बापाला तेव्हा दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदू. चष्मा लाव म्हटलं की शिव्या द्यायचा. त्या दिवशी त्यानं डाव्या ढिगातली पट्टी उजव्या ओळीत घातली. खाच बसेना तर रंधा मारून बसवली. लाकडाच्या रेषा उलट्या गेल्या. वरच्या काचेतून उजेड तिरपा आला की एवढी एकच पट्टी काळी दिसायची. अख्ख्या दालनात एकच.”

“तुम्ही सांगितलं नाही?”

“काय सांगू? सेराफिम तावेराचा हात चुकला असं? तीस वर्षं लोक त्याचं काम बघायला यायचे. मुकादम पाहणीला आला तेव्हा मी त्या पट्टीवर अवजारांची पेटी ठेवली, पेटीवर बसलो आणि पाव खात राहिलो. मुकादम म्हणाला, तावेरा, जेवायला हीच जागा सापडली? म्हटलं, हो.” तो थोडा हसला. “नाताळला बापानं काम सोडलं. पाठ दुखते म्हणाला. बारा वर्षांनी वारला. मी शेवटपर्यंत बोललो नाही. आता सोमवारी पोरं ती उपटतील आणि म्हणतील, कोण गाढव होता हा. त्याआधी मला एकदा बघायचीय. एकट्यानं तिकीट काढून दोनदा येऊन गेलो, मादाम. पाय दिसतात. जमीन दिसत नाही. मग तुमची जाहिरात वाचली.”

मला इतकं वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका चेव आला, की मी उठून बिल्ला सरळ केला. “मस्यो तावेरा, मी तुम्हाला तिथं नेणार,” असं सेनापतीच्या थाटात म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पर्स जवळ ओढली.

आम्ही आत शिरलो. दालन नेहमीसारखं खचाखच भरलेलं. मी डावी भिंत धरली, एका लग्न झालेल्या जोडप्याच्या मधून घुसले, एका आजोबांना “पार्दों” म्हणत बाजूला सारलं आणि अकरा मिनिटांत तावेराला कठड्याला नेऊन चिकटवलं. मागे वळून विजयी मुद्रेनं बघितलं तर तो बाईकडे पाठ करून उभा.

“मादाम, पट्टी इथं नाही. मागे आहे. पट्ट्यांच्या चौथ्या ओळीत.”

तेव्हा लक्षात आलं की माझी सगळी विद्या पुढे जाण्याची आहे. गर्दीच्या मधोमध जागा कशी रिकामी करायची, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मी लोकांना मागे सरकायची विनंती केली, चार भाषांत. लोकांनी मला चार भाषांत नको ते सांगितलं. समोरच्या भिंतीवर मेजवानीचं एक भलंमोठं चित्र आहे, ज्याच्याकडे बिचाऱ्याकडे कोणी बघत नाही. मी हात उंचावून ओरडले, “ते बघा, ते खरं चित्र, तिकडे बघा.” एक डच गृहस्थ वळले, माझ्याकडे बघितलं आणि परत वळले.

एवढ्यात फिरमँ आला. फिरमँ त्या दालनाचा पहारेकरी, सहा फूट उंच. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या गिऱ्हाइकांसमोर जांभई देतो म्हणून मी त्याची दोन पानी लेखी तक्रार केली होती. ती त्यानं घडी घालून पाकिटात ठेवली आहे असं ऐकून होते.

“मादाम ऑर्तांस,” तो गोड आवाजात म्हणाला, “या दालनात गाइडनं काय करायचं नाही?”

तेवढ्यात मागे काहीतरी हललं. तावेरा गर्दीत उलटा शिरला होता. चौथ्या ओळीशी पोचला, गुडघ्यावर बसला, आणि हातानं समोरच्या बुटावर हलकेच टकटक केलं. “पार्दों,” म्हणाला. बूट सरकला. दुसऱ्या बुटाला, “पार्दों.” तोही सरकला. मग कोणीतरी म्हणालं, यांचं काही हरवलंय. ते बोलणं गर्दीत पसरलं आणि लोक आपापले पाय उचलून बघायला लागले. एका चिनी आजींनी मोबाइलचा दिवा लावला. डच गृहस्थ खाली वाकले. अर्ध्या मिनिटात तिथं खाटेएवढी जागा मोकळी झाली. भोवती पन्नासेक माणसं, सगळ्यांची पाठ बाईकडे आणि माना खाली. एकोणीस वर्षं घसा फोडून मला जे जमलं नव्हतं ते एका माणसानं नुसतं गुडघे टेकून केलं.

“काय हरवलंय?” फिरमँनं मला विचारलं. पुढे जायला त्यानं पाय उचललेला.

मी त्याच्या आडवी उभी राहिले. माझं डोकं त्याच्या टायच्या गाठीला लागत होतं. “फिरमँ, ती तक्रार मी मूर्खपणानं केली होती,” मी म्हटलं. “मीसुद्धा माझं ऐकताना जांभया देते. त्याच्या वडिलांचं काहीतरी आहे तिथं. दोन मिनिटं दे.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. “दोन,” म्हणाला, आणि गर्दीकडे तोंड करून हात पसरून उभा राहिला.

मी तावेराजवळ गेले. तो भिंतीकडून ओळी मोजत आला होता, आता बोट एका जागी थांबलं होतं. मी वाकून बघितलं. मला सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसत होत्या. काळी कुठली नव्हती.

“हीच जागा,” तो म्हणाला. “हीच. पण ही सरळ आहे.”

“नंतर कोणीतरी बदलली असेल,” मी म्हटलं. चौतीस वर्षं मनात बाळगलेली गोष्ट आयत्या वेळी जागेवर नव्हती.

तो पट्टीवर हात फिरवत होता. मग त्याचं नख एका ठिपक्यावर अडलं. पट्टीच्या दोन टोकांना दोन बारीक ठिपके होते, मसुरीएवढे.

“बदललेल्या पट्टीला खिळा वरून मारावा लागतो,” तो हळू बोलत होता, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. “मग तो बुजवायचा. सगळे विकतचा मसाला भरतात. तो राखाडी पडतो.” त्यानं एक ठिपका नखानं खरवडला, कण बोटावर घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला. “हे मेण आहे. मेणात कॉफीचा चोथा. बाप सकाळची कॉफी संपली की चोथा रुमालात बांधून आणायचा. विकतचा मसाला म्हणजे आळशांची कामं, म्हणायचा. दुसरं कोणी असं करत नव्हतं. मीसुद्धा नाही.”

चिनी आजींनी दिवा आणखी खाली धरला.

“पाहणीनंतरच्या मंगळवारी,” तो म्हणाला. “आमचा तिथला शेवटचाच मंगळवार, त्यानं मला व्हर्निश आणायला पाठवलं होतं. गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला. व्हर्निश होतं आमच्याकडे, दोन डबे. मी तसं म्हटलं तर माझ्यावर खेकसला. दुपारी परत आलो तर म्हातारा इथंच, या जागेवर जेवणाचा डबा उघडून बसलेला. माझ्या मनात आलं, बघा, कशावर बसलाय त्याचा पत्ताच नाही.”

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, माझ्या स्कर्टसकट, राण्यांच्या नसलेल्या त्या लाकडावर.

“सापडलं का?” वरून डच गृहस्थांनी विचारलं.

तावेरानं होकारार्थी मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता, दोन्ही एकदम.

“त्याला कळलं होतं, मादाम,” तो म्हणाला. “आणि त्याला वाटलं मला दिसलंच नाही. चौतीस वर्षं मी माझ्या बापाला आंधळा समजत राहिलो. तो मला आंधळा समजूनच गेला.”