नलूच्या वेणीचे तीन वेढे

ईरा, नील — हे पत्र घाईत वाचू नका. ईरा, तुला मराठी अक्षरं लावायला वेळ लागतो, तेवढा लागू दे. यात जे आहे ते तुमच्या आजोबांना कधी कळलं नाही, तुमच्या बाबांना आजही ठाऊक नाही. बावन्न वर्षं मी ते माझ्याजवळच ठेवलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. पण ज्या भाषेच्या आडून मी ते केलं, त्याच भाषेत ते कबूल करवत नाही — का, ते पुढे येईल.

आताच का? कारण मागच्या रविवारी ईराचा फोटो आला. पाठमोरा. लग्नात केस कसे बांधायचे याची तालीम. मधोमध भांग, आणि एकच जाड वेणी कमरेखाली गेलेली. खाली लिहिलं होतंस, "आजी, इकडे आता सगळ्या मुली अशीच वेणी घालतात. निम्मे केस विकतचे आहेत, खोटे. बाबा म्हणाले तुझं गंगावन पेटीत आहे. तुझ्या लग्नाच्या फोटोतलं. पाठवशील? मला खरे केस हवेत."

मी फोटो मोठा करून पाहिला. वेणीच्या टोकाला रबर नव्हतं, रिबीन नव्हती. शेवटची बट त्याच केसांभोवती तीनदा गुंडाळून आत खोचलेली होती. हे तुला कोणी शिकवलं? मी नाही. तुझ्या आईचे केस तर मी पहिल्या दिवसापासून कापलेलेच पाहिले. वेणी अशी संपवणारी एकच बाई मला माहीत होती, आणि ती दोन वर्षांपूर्वी डोंगरकड्याला वारली.

फॅशन फिरून येते हे मला नवं नाही. एकोणतीस वर्षं मी वसमतला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि प्रार्थनेनंतर रांगेतल्या वेण्या तपासायचं कामही माझ्याकडेच होतं — दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबीन. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र सगळं बदलत होतं. आत कापूस कोंबून फुगवलेले अंबाडे गेले, बॉबकट आला. मग कपाळावर झुलपं आली, मग स्टेपकट, मग इस्त्री फिरवल्यासारखे सरळ केस. आता बसस्टँडसमोरच्या पार्लरच्या पाटीवर पुन्हा लांब वेणीवाली मुलगी आहे. मी या सगळ्याकडे मजेने पाहत आले. पण रविवारपासून एक प्रश्न सुटत नाही — फक्त वेणीच परत येते का? की ती जिच्या पाठीवर होती, तीही थोडी थोडी येते?

बघा, मी बगल देते आहे. मुलींना मी नेहमी सांगायची, उत्तर पहिल्या ओळीत लिहा.

नलू माझी चुलत बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान. काकांची शेती डोंगरकड्याला. नलू शिवणकाम शिकायला आमच्याकडे वसमतला राहायला आलेली. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलेले. नलूचे केस गुडघ्याच्या लवणीपर्यंत. न्हायली की वाळवायला तिला ओसरीवर पालथं झोपावं लागे, आणि केस दोन सुपांवर पसरावे लागत. माझे? काकू यायची तेव्हा आम्हा दोघींना पाठीला पाठ लावून उभं करायची अन् सगळ्यांसमोर म्हणायची, "सुलूचं म्हंजी उंदराचं शेपूट, अन् नलूचा मोटेचा नाडा!" सगळे हसत. मीही हसायची. नलू तेवढी हसायची नाही. ती माझ्या शेपटीला तेल लावून द्यायची आणि माझ्याही वेणीचा शेवट तसाच करायची, तीन वेढे देऊन. माझे वेढे संध्याकाळपर्यंत सुटत. तिचे दुसऱ्या दिवशीही सोडवावे लागत.

आणखी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला कळणार नाही की माझ्या शब्दाला एवढं वजन का होतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. तहसिलीत कारकून होते. उर्दू सुरेख लिहायचे, मराठी वाचायचे, इंग्रजी नाही. काकांना सहीपुरतं येई. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिली. त्यामुळे इंग्रजी कागद आला, कसलाही, की तो माझ्या हातात यायचा आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहायचे. मी वाचीन ते खरं. कोण तपासणार होतं?

त्या वर्षी मार्गशीर्षात नलूला मुदतीचा ताप आला. अठरा दिवस उतरला नाही. डॉक्टर हैदराबादला शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी अण्णांच्या हातात कागद दिला. अण्णांनी तो घरी आणून माझ्या हातात दिला. अण्णा, आई, डोंगरकड्याहून धावत आलेली काकू — तिघं उभे. नलू कॉटवर, डोळे मिटलेले. वेणी कॉटवरून खाली लोंबत फरशीला टेकलेली.

कागदावर तीन ओळी होत्या. गोळ्या दिवसातून तीनदा. पातळ, हलकं अन्न. डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या.

मी तीन ओळी वाचल्या. आणि चौथी वाचली.

"केस पूर्ण कापावेत. ताप केसांत राहतो."

आवाज कापला नाही माझा. नजर कागदावरच होती, जणू ओळ तिथे आहे. काकू मटकन खाली बसली. मग तीच उठली. "काप बाई. केस काय, येतेत परत. लेकरू राहिलं पाहिजे." मुलीच्या डोक्याला न्हाव्याचा हात लावायचा नाही, तो फक्त विधवेच्या डोक्याला लागतो, असं आमच्यात होतं. म्हणून घरातल्याच कुणीतरी कापायचे. आईचा हात धजेना. कात्री मीच घेतली, नलूची कापडाची कात्री. दुपारी तीनच्या सुमाराला. वेणी वरून दोऱ्याने घट्ट बांधली आणि मानेजवळ कापली. एवढे केस एका दमात कापले जात नाहीत. कात्री करकरत होती. मध्येच नलूने डोळे उघडले आणि तापातच विचारलं, "आक्का, काहून गं?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनी लिहिलंय."

तिने डोळे मिटले.

कापलेले केस आसना नदीत सोडून यायचं काम मी मागून घेतलं. नदीपर्यंत गेले, काठावर थोडा वेळ बसले आणि पिशवी तशीच परत आणली.

ताप उतरला. पट्ट्यांनी उतरला, गोळ्यांनी उतरला, की मुदत संपली म्हणून — पण घरात सगळे केसांचंच नाव घेत. अण्णा तिला पुन्हा दाखवायला घेऊन गेले आणि म्हणाले, "आपण लिहिलं होतं, तसं बराबर केलं." डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटची नाडी धरलेली होती. त्यांनी नुसती मान हलवली. मी दारात उभी होते.

तुम्ही विचाराल, मला ते केस इतके हवे होते का? हो. पण तेवढंच सांगितलं तर ते अर्धंच सांगणं होईल. पौष संपला की नलूला बघायला परभणीचे पाहुणे येणार, हे घरात ठरलेलं होतं. मी मोठी, बी.ए. झालेली, आणि बघायला येणार ते नलूला. कारण त्यांनी कुठल्याशा लग्नात तिला पाठमोरी पाहिलं होतं. हे मला ठाऊक होतं का? ठाऊक होतं. चौथी ओळ वाचताना आठवत होतं का? होतं.

पाहुणे आले. नलूने डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला. मुलाच्या आईने पदर मागे करायला सांगितलं. पोरासारखं कापलेलं ते डोकं त्या बाईंनी पाहिलं. हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

दरम्यान मी जवळा बाजारला गेले होते. आठवडी बाजारात बांगड्या विकणारी एक म्हातारी खाला बायकांच्या गळालेल्या केसांची गंगावनं बांधून द्यायची. तिने पिशवी उघडली, केस बोटांवर घेतले, आणि माझ्याकडे पाहिलं. "गिरेले बालां नै ये, बेटी. काटेले हैं. किसके?"

"माझेच," मी म्हणाले.

तिने माझ्या शेपटीकडे पाहिलं आणि दोरा ओवला.

चार महिन्यांनी तेच पाहुणे पुन्हा आले, या वेळी मला बघायला. माझी वेणी कमरेखाली होती; गंगावन बाजारातून विकत आणलं, असं मी घरी सांगितलं होतं. मुलाच्या आईने मला वळायला सांगितलं, वेणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस घराण्यातच आहेत म्हणायचे." ती माझी सासू. मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. म्हणजे तुमचे बाबा, म्हणजे तुम्ही. हे वाचून तुम्हाला कसं वाटेल, ते मी इथे बसून ठरवू शकत नाही.

लग्नाच्या दिवशी माझी वेणी नलूने घातली. दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं. तिचे केस तेव्हा कानापर्यंत आलेले. तिने गंगावन हातात घेतलं आणि थांबली. मला आरशात तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. ते हात केस ओळखत होते. मग ती गुंफू लागली. शेवटाला तीन वेढे दिले, खोचले, आणि म्हणाली, "बराबर बसलं बघ आक्का. घरचंच हाय ना."

तिचं लग्न पुढे डोंगरकड्यालाच झालं, एका बिजवराशी. त्याची दोन मुलं तिने वाढवली. केस पुन्हा खांद्याखाली कधी गेले नाहीत. मी मात्र बाळंतपणात केस गळाले असं सगळ्यांना सांगितलं, आणि तुमचे आजोबा शेवटपर्यंत हळहळत राहिले — लग्नात केवढे होते तुझे केस! पुढे तुमच्या बाबांना पेटीत गंगावन सापडलं, तेव्हा ते माझ्याच गळालेल्या केसांचं, असं त्यांना सांगितलं.

एकदाच, पन्नाशी उलटल्यावर, घरात कुणी नसताना, मी ते गंगावन पुन्हा लावून पाहिलं. मागे एक आरसा, हातात एक. हातातल्या आरशात जी पाठ दिसली ती माझी नव्हती. मान किंचित डावीकडे कललेली — नलू तशी बसायची. मी हललेच नाही. मला वाटलं, आता ती वळेल. आरसा पालथा ठेवला आणि पुन्हा कधी लावलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, हे तिला सांगायचं होतंस, आम्हाला काय सांगतेस? बरोबर आहे. संधी होती. दोन वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी डोंगरकड्याला गेले. सकाळची वेळ होती. सून चहा ठेवून आत गेली. नलू बराच वेळ आढ्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं —

"आक्का, त्या कागदावर खरंच तसं लिव्हलं होतं का?"

माझं वय बहात्तर. अण्णा, काकू, डॉक्टर, तुमचे आजोबा — घाबरावं असं कुणीही उरलं नव्हतं. समोर फक्त ती. आणि मी म्हणाले, "व्हय."

बाविसाव्या वर्षीच्या खोट्याबद्दल निदान तरुण होते असं म्हणता आलं असतं. या दुसऱ्याबद्दल काय म्हणू?

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग ठीक हाय," आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळली, पाठ माझ्याकडे. मला वाटलं झोप आली. पण तिने हात मागे आणला, हातात फणी होती. मी तिचे केस विंचरले. पांढरे, मूठभरसुद्धा नाहीत. वेणी घातली. शेवट कसा करायचा ते मला येत होतं, पण दिलेले वेढे सुटले.

नवव्या दिवशी ती गेली.

ईरा, गंगावन मी पाठवते आहे की नाही, हे या पत्रात लिहीत नाही. कुणाचे केस आहेत ते आता तुला माहीत आहे. तू कळव, मी तसं करीन. यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

आज सकाळी पेटी उघडून सगळं नीट पाहिलं. डॉक्टरांचा कागद आहे, घडीवर फाटलेला, तीन ओळींचा. गंगावन आहे, लांबी दोन हात आणि चार बोटं. माझे केस पांढरे होऊन विरले. ते काळेभोर आहेत. वरची गुंफण मी लग्नानंतर अनेकदा सोडली आणि पुन्हा घातली. शेवटाला नलूने दिलेले तीन वेढे मी कधी सोडवले नाहीत. ते तसेच आहेत.